चामडी बांधणीच्या जुन्या पुस्तकाचा कणा सुटलाय: रीबॅक करू, म्हणजे कणा सोडवून नव्याने बसवू, की आहे तसा धरून ठेवू?

पिवळी_पाने

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन खंडांचा एक जुना शब्दकोश आहे, छपाई 1874 ची. पूर्ण चामडी बांधणी, गुळगुळीत तपकिरी चामडं, कण्यावर पाच आडवे उंचवटे आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी रेघ. पहिल्या खंडाचा पुढचा पुठ्ठा पूर्ण सुटलाय, मागचा एका दोरीवर लटकतोय. कण्याचं वरचं टोक बोटभर तुटून गेलंय. पुस्तक नुसतं उचललं तरी तळव्याला विटकरी भुकटी लागते आणि ती पानांच्या कडांवरही पसरते. दुसरा खंड त्यामानाने बरा आहे.

कापडी बांधणीच्या वह्या आणि साधी पुस्तकं मी बांधलेली आहेत, चामड्याला कधी हात लावलेला नाही. एकाने सांगितलं, भरपूर तेल चोळ, चामडं जिवंत होईल. दुसऱ्याने सांगितलं, खळ लावून पुठ्ठा चिकटव आणि मोकळा हो. हा कोश मला वापरायचा आहे, कपाटात ठेवून द्यायचा नाही. कुठून सुरुवात करू?

सुईदोरा

पिवळी पाने, आधी तेल आणि खळ दोन्ही बाजूला ठेवा. अगदी कळकळीने सांगते आहे, कारण यातली एक चूक मी स्वतः केली आहे.

तुम्ही सांगता ती विटकरी भुकटी म्हणजे रेड रॉट. वनस्पतींच्या टॅनिनने (सालीपाल्यातल्या तुरट द्रव्याने) कमावलेलं चामडं वर्षानुवर्षं हवेतला सल्फर डायऑक्साइड शोषत राहतं, त्याचं आतल्या आत सल्फ्युरिक आम्ल होतं आणि ते चामड्याचे तंतू तोडत जातं. तुटलेले तंतू पुन्हा जुळत नाहीत. आपण फक्त भुकटी जागच्या जागी बसवू शकतो आणि पुढची झीज कमी करू शकतो.

माझी चूक अशी. कातडी कण्याचं एक छोटं पुस्तक होतं, असंच भुरभुरणारं. सांध्याजवळ, म्हणजे पुठ्ठा कण्याला मिळतो तिथे, गव्हाच्या स्टार्चची छान पातळ खळ लावली. दोन मिनिटांत जिथे जिथे ओल पोचली तिथे चामडं काळं पडलं, आक्रसलं, आणि वाळल्यावर जळक्या लाकडासारखं कडक झालं. साधारण दोन सेंटीमीटरचा पट्टा. तो आजही तसाच आहे, कशानेही परत येत नाही. कुजलेल्या चामड्याला पाणी सोसत नाही. ते आक्रसायला जी उष्णता लागते ती कुजताना इतकी खाली येते की कधीकधी नुसती ओलही पुरते.

म्हणून आधी तपासणी. तुटलेल्या कडेजवळ, नजरेत न येणाऱ्या जागी, टाचणीच्या टोकाने पाण्याचा एक कण ठेवा. चामडं धड असेल तर थेंब थोडा वेळ वर बसून राहतो. कुजलेलं असेल तर क्षणात आत शिरतो आणि गडद डाग उमटतो. तो डाग उमटला की त्या चामड्यावर पाण्याची कुठलीही गोष्ट थेट लावायची नाही, हे ठरलं.

पिवळी_पाने

केलं. थेंब लावताक्षणी गायब, आणि तिथे तिळाएवढा काळा ठिपका. म्हणजे मी खळीने पुठ्ठा चिकटवला असता तर पूर्ण सांधाच काळा झाला असता. धन्यवाद, सुईदोरा ताई.

वाळवी_नको

माझं मत वेगळं आहे, पण मनापासून सांगतो. प्रत्येक सुटलेलं पुस्तक दुरुस्त करायलाच हवं असं नाही. आम्लरहित पुठ्ठ्याची मापाची पेटी करा, सुटलेला पुठ्ठा जागेवर ठेवून रुंद सुती फितीने पुस्तक बांधा. गाठ नेहमी पानांच्या उघड्या बाजूला घ्या, कण्यावर किंवा पुठ्ठ्याच्या मधोमध नको, नाहीतर तिचा वळ चामड्यावर उमटतो. रबरबँड चुकूनही वापरू नका. मूळ बांधणी म्हणजे त्या काळच्या कारागिराचा दस्तऐवज आहे. एकदा सोडवली की ती पुन्हा तशी होत नाही.

जुनी_खळ

वाळवी नको यांचं म्हणणं दुर्मीळ पुस्तकाबाबत शंभर टक्के मान्य. पण इथे वाचक रोज कोश उघडणार आहे. सुटा पुठ्ठा फितीने बांधून रोज सोडायचा-बांधायचा म्हटलं तर पहिला आणि शेवटचा फर्मा (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा गठ्ठा) महिन्याभरात चुरगळून जाईल. वापरातल्या पुस्तकाला सांधा हवाच.

मी बरीच वर्षं बांधणीच करतो. काही गोष्टी आधी बघा आणि इथे लिहा. एक, कुठल्याही फर्म्याच्या मधलं पान उघडून दोरा बघा, ताणलेला आहे की सैल? दोन, पुस्तक मधोमध उघडल्यावर कण्याचं चामडं पानांपासून सुटून बाहेर फुगतं की पानांना चिकटून वाकतं? तीन, पुठ्ठ्यांमधून ज्या दोऱ्या गेल्यात त्या किती आणि कुठे तुटल्यात? शिवण धड असेल तर निम्मं काम वाचलं. शिवण गेली असेल तर रीबॅकचा विचारच सोडा, मग पुस्तक उसवून पुन्हा शिवावं लागतं आणि ते पहिल्यांदाच चामडं हाताळणाऱ्याचं काम नाही.

चामडं कुठलं ते पण सांगा. बोकडाच्या चामड्यावर दाणा दिसतो, वासराचं गुळगुळीत असतं. मेंढीचं ओळखायचं तर त्याचा वरचा पापुद्रा कागदासारखा सोलून निघतो.

पिवळी_पाने

शिवण घट्ट आहे, दोरा ताणलेला. पुस्तक उघडल्यावर कणा पानांपासून सुटून बाहेर फुगतो, मध्ये बोट जाईल एवढी पोकळी. पाचपैकी चार दोऱ्या पुढच्या सांध्यात तुटल्यात, पाचवी कुजून गळालेली. चामडं गुळगुळीत आहे, पापुद्रे निघत नाहीत, म्हणजे वासराचं असावं. एक प्रश्न, माझ्याकडे याहून शंभर वर्षं जुनं एक चामडी पुस्तक आहे आणि त्याचं चामडं अजून मऊ आहे. नवं आधी का कुजलं?

अभ्रक

हा प्रश्न लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने 1900 मध्ये समिती नेमून अभ्यासला होता. ग्रंथालयांमधली हजारो चामडी पुस्तकं झडायला लागली होती. 1901 च्या अहवालात निष्कर्ष साधारण असा होता की 1860 नंतरची चामडी जुन्यापेक्षा वाईट टिकली. कारणं बरीच. कमावण्यासाठी स्वस्त सालींची कॅटेकॉल गटातली टॅनिनं आली, तीच सगळ्यात लवकर कुजतात. सुमाक नावाच्या झुडपाच्या पाल्याने कमावलेलं चामडं त्यामानाने खूप टिकतं. शिवाय रंग नीट बसावा म्हणून चामडं सल्फ्युरिक आम्लातून काढत, म्हणजे कुजण्याचं बी आधीच पेरलेलं. आणि वाचनालयांमध्ये गॅसचे दिवे जळत होते, त्यांच्या धुरात गंधक. बांधणाराही सांध्यावरचं चामडं फार पातळ तासायला लागला होता, कारण तेव्हा पुठ्ठा सहज उघडणं म्हणजे सुबक काम समजलं जाई.

हा शेवटचा मुद्दा दुरुस्ती करताना डोक्यात ठेवण्यासारखा आहे. चामड्याची ताकद खालच्या तंतूंच्या जाळ्यात असते, वरच्या गुळगुळीत पापुद्र्यात नाही. तासताना आपण नेमकं ते जाळंच काढून टाकतो.

तेलाबद्दल. लॅनोलिन (लोकरीतली चरबी) आणि नीट्सफूट तेलाचं (गुरांच्या पायांपासून काढलेल्या) मिश्रण मोठमोठी ग्रंथालयं अनेक दशकं चोळत होती. नंतर लक्षात आलं की त्याने कुजणं थांबत नाही. तेल चामड्यातून कागदात उतरतं, पृष्ठभाग चिकट होऊन धूळ धरतो, कधी पांढरी बुरशीसारखी साय वर येते, आणि पुढे कुठलंही चिकटवण तिथे धरत नाही. आता बहुतेक ठिकाणी ती पद्धत बंद आहे.

भुकटी बसवायला क्लुसेल जी वापरा. हे सेल्युलोजपासून केलेलं चूर्ण अल्कोहोलात विरघळतं. 100 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलात 2 ग्रॅम टाकून बरणी हलवा आणि रात्रभर ठेवा, सकाळी पातळ मधासारखं दिसेल. मऊ कुंचल्याने एक हात द्या, वाळू द्या, गरज वाटली तर दुसरा. पाणी नसल्यामुळे चामडं काळं पडत नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

पिवळी_पाने

दोन हात दिले. पांढऱ्या कापडावर कणा घासून बघितला, कापड जवळजवळ पांढरंच राहिलं! रंग किंचित गडद झाला, पण छान दिसतोय. आता पुठ्ठ्यांचं काय?

जुनी_खळ

आता रीबॅक. म्हणजे जुना कणा सोडवायचा, खाली नवं चामडं घालायचं, ते दोन्ही पुठ्ठ्यांच्या जुन्या चामड्याखाली सरकवायचं आणि वर जुना कणा परत बसवायचा. बोकडाचं वनस्पतीने कमावलेलं चामडं घ्या. क्रोमने कमावलेलं नको, ते खळ नीट पीत नाही, हाडाच्या पट्टीने दिलेला आकार धरत नाही, ठसाही उमटत नाही. वरची-खालची टोकं आणि कडा शून्यावर, म्हणजे नाहीशा होईपर्यंत पातळ तासा, पण सांध्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ नका.

अभ्रक

काका, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण पहिल्यांदा चामडं तासणाऱ्याला हे सांगणं मला अवघड वाटतं. सुरीचा कोन जरा चुकला की मधोमध भोक. जपानी कागद का नाही? तुतीच्या सालीचा लांब तंतूंचा कागद अ‍ॅक्रिलिक रंगाने तपकिरी करायचा, कडा कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडायच्या म्हणजे तंतू केसाळ राहतात आणि जोड दिसत नाही. पुस्तक-संवर्धक डॉन एथरिंग्टन यांनी सुटलेल्या पुठ्ठ्यांसाठी या कागदाच्या सांध्याची पद्धत मांडली, आणि आज कितीतरी ग्रंथालयं तीच वापरतात.

जुनी_खळ

लहान पुस्तकाला मीही कागद लावतो. पण हा कोश तीन-साडेतीन किलोचा असणार. पुठ्ठा उघडला की सगळं वजन त्या एका रेषेवर येतं. नुसता कागद किती वर्षं?

सुईदोरा

दोघांच्याही म्हणण्यात मला एकच गोष्ट दिसते, वजन कोणी पेलायचं. माझ्या मते ते ना चामड्याने पेलावं ना कागदाने. ते कापडाने पेलावं. पानांच्या पाठीला घट्ट विणीचं पातळ सुती किंवा तागाचं कापड लावा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर बाहेर सोडा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूचा अस्तराचा कागद सांध्याजवळ उचलून कापडाचे ते पंख त्याखाली घाला. पुठ्ठा मग कापडाच्या आधाराने उघड-मीट करतो. बाहेरून चामडं असो की कागद, त्याचं काम फक्त झाकण्याचं आणि धूळ अडवण्याचं उरतं. मग जपानी कागदाचा रीबॅक या वजनालाही चालतो.

जुनी_खळ

कापड आतून असेल तर माझी हरकत नाही. रोजच्या वापराला मी तरी बोकडाचंच लावीन, पण नवख्या हाताने कागदापासून सुरुवात करणं शहाणपणाचं आहे हे कबूल.

पिवळी पाने, क्रम सांगतो. जुना कणा काढण्याआधी त्यावर पातळ जपानी टिश्यू क्लुसेलने चिकटवा, म्हणजे तुकडे झाले तरी जागा सोडणार नाहीत. मग सांध्यातून बोथट पातळ पातं आडवं सरकवा. पातं नेहमी पुठ्ठ्याकडे झुकलेलं ठेवा, चामड्याकडे नाही. पुठ्ठ्यांवरचं चामडं कडेने आठ-दहा मिलिमीटरच उचला, जास्त नको. पाठीवरचा जुना सरस काढायला घट्ट खळीचा जाड थर द्या, वीसेक मिनिटं थांबा, सरस जेलीसारखा झाला की हाडाच्या पट्टीने काढा. पाणी थेट ओतायचं नाही, ते फर्म्यांच्या घड्यांत शिरतं. आणि ही खळ पाठीवरच राहू द्या, पुठ्ठ्यांच्या चामड्याला थेंबही लागता कामा नये, तिथे पॉलिएस्टरची पट्टी लावून झाका.

रेघोटी

एक जोडतो. ओल्या चामड्याजवळ लोखंड आणू नका. मी एकदा ओल्या कण्यावर लोखंडी वजन ठेवलं होतं, खाली फक्त एक पातळ कागद. सकाळी निळा-काळा चौकोन उमटला होता, कागदाच्या पलीकडे. टॅनिन आणि लोखंड भेटलं की जुन्या काळची शाई तयार होते, अगदी तीच प्रक्रिया. वजनाला दगड किंवा कापडात गुंडाळलेली वीट बरी.

पिवळी_पाने

तीन आठवड्यांनी लिहितोय. कणा निघाला, दोन तुकड्यांत, पण टिश्यूमुळे एकही कण हरवला नाही.

आत जे दिसलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. कण्यावरचे ते पाच दिमाखदार उंचवटे खोटे आहेत! चामड्याखाली पुठ्ठ्याच्या पट्ट्या चिकटवलेल्या. खऱ्या दोऱ्या पानांच्या पाठीत करवतीने पाडलेल्या खाचांमध्ये बसवल्यात, वरून काहीच दिसत नाही. आणि पाठीवर सरसाखाली छापील कागदाची पट्टी होती, बहुधा त्या काळच्या वर्तमानपत्राची, उलटी लावलेली. जहाजांच्या वेळापत्रकाच्या चार ओळी वाचता येतात. ती काढायची का?

सुईदोरा

किती छान! घट्ट बसली असेल तर काढू नका, तिच्यावरूनच पुढचे थर द्या. सुटत असेल तर फोटो काढा, ओल्या पट्टीला शोषकागदात वाळवा आणि कुठून निघाली त्याची नोंद करून पुस्तकासोबत ठेवा. असे तुकडे बांधणी कधी आणि कुठे झाली ते सांगतात.

पिवळी_पाने

अर्धी सुटली होती, म्हणून काढून पाकिटात ठेवली.

पुढचं असं केलं. पाठ स्वच्छ झाल्यावर पहिला थर जपानी कागद, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने. उद्या कुणाला हे सगळं काढायचं असेल तर पाण्याने सुटेल म्हणून पहिला थर खळीचाच. मग तागाचं कापड, पंख सोडून. त्यावर कागदाची पोकळ नळी, जुनी_खळ काकांनी निरोपात समजावली तशी, एक थर पाठीवर आणि दोन बाहेर. सगळ्या कागदांचे तंतू डोक्याकडून पायाकडे. हे आधी चुकलं होतं, पहिली नळी आडव्या तंतूंची केली आणि ती वाळताना लाटेसारखी वाकडी झाली. फाडून दुसरी केली.

पंख अस्तराखाली घातले तेव्हा सर्वांत भीती वाटली. पुठ्ठा किती घट्ट ओढायचा ते कळेना. पहिल्यांदा फार जवळ बसवला, उघडताना पहिलं पान ओढलं जात होतं. खळ ओली असल्यामुळे सोडवून एक मिलिमीटर बाहेर घेतला. पीव्हीए (पांढरा कृत्रिम गोंद) असता तर ही संधी मिळाली नसती. अस्तर आणि पानांमध्ये न चिकटणारा कागद आणि शोषकागद ठेवून रात्रभर दाबून ठेवलं.

बाहेरून तपकिरी केलेला जपानी कागद, दोन थर, पुठ्ठ्यांच्या उचललेल्या चामड्याखाली. इथे मात्र खळ वापरली नाही. जुन्या चामड्याच्या आतल्या बाजूला आधी क्लुसेल दिलं, वाळू दिलं, आणि कागद घट्ट क्लुसेलनेच बसवला. एकही डाग पडला नाही. शेवटी जुना कणा, आतून खरवडून सपाट करून, नळीवर परत ठेवला. वरचं बोटभर तुटलेलं टोक कागदाचंच केलं, दोरीवर वळवून.

अभ्रक

फोटो पाहिले. सांध्याची रेघ सुंदर आली आहे. टोकाला रंग किंचित लाल दिसतो, हवं तर पातळ अ‍ॅक्रिलिकचा हिरवट-तपकिरी हात द्या, लाल मरेल. आणि काय-काय लावलं, कुठे लावलं, याची पेन्सिलने नोंद करून त्याच पाकिटात ठेवा.

जुनी_खळ

पहिल्या कामाला हे फार चांगलं आहे. पोरा, आता एक कर, पुस्तक सपाट टेबलावर उघडू नकोस. दोन्ही बाजूंना उतार होईल अशा उशा ठेव, पुठ्ठा 120 अंशांच्या पुढे जाऊ देऊ नकोस. आणि कपाटातून काढताना कण्याचं टोक बोटाने ओढायचं नाही, शेजारची दोन पुस्तकं आत ढकलून मधलं दोन्ही बाजूंनी धरायचं. तुझं ते बोटभर टोक असंच कुणीतरी ओढून तोडलेलं असणार.

रेघोटी

दुसऱ्या खंडाचं काय ठरलं?

पिवळी_पाने

काका, उशा शिवून घेतल्या.

दुसरा खंड नीट तपासला. शिवण धड, पाचही दोऱ्या शाबूत, पुढच्या सांध्यावर वरून चार सेंटीमीटरची भेग, भुकटी थोडीच. क्लुसेलचा एक हात दिला, भेगेवर तपकिरी टिश्यूची एक पट्टी बसवली. कणा सोडवला नाही. त्याच्या पाठीवर वर्तमानपत्राचा उरलेला भाग असेल असं सारखं मनात येतं, पण तो तिथेच असू दे. वाळवी नको यांनी सांगितल्याप्रमाणे सुती फीत बांधली आहे, गाठ पानांच्या बाजूला.